किती लाडू, कुणाचे लाडू

माझी भाची अडीच वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत मी तिच्यासाठी दादरहून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक आणलं. सणांमधून अंक शिकवणारं. गोल कोपऱ्यांची पानं, चावली तरी फाटणार नाहीत अशी. पहिल्या पानावर एक गणपती, दुसऱ्यावर दोन कंदील, तिसऱ्यावर तीन पतंग, असं करत करत दहाव्या पानावर ताटात रचलेले दहा लाडू.

पुस्तक दाखवताना आपण सगळेच जे करतो तेच मी केलं. चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती लाडू?"

तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाचे?"

"आधी सांग, किती?"

"एक, दोन, तीन, पाच, दहा," एवढं एका दमात म्हणून झालं आणि पुन्हा तेच, "मावशी, कुणाचे?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ताट पिवळ्या पानावर नुसतंच तरंगत होतं. मागे घर नाही, दार नाही, कुणाचा हातही नाही. मी म्हटलं, "सगळ्यांचे." मोठ्या माणसांना उत्तर माहीत नसलं की ती हेच म्हणतात. तिला ते पटलं नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि त्यावर बसली.

ताईला सांगितलं तर ती हसली. "तिला सध्या सगळ्यात हेच पडलेलं असतं. चप्पल कुणाची, चमचा कुणाचा." खरंच आहे, त्या वयात सगळं जग कुणाचं ना कुणाचं असतं. पण माझ्या डोक्यातून ते 'कुणाचे' जाईना. सणांची मोजणी दाखवणारं पुस्तक एवढ्याशा मुलाला नेमकं काय शिकवतं? अंक शिकवतं, हे सोपं उत्तर आहे. ते पुरेसं नाही असं मला वाटायला लागलंय.

कारण अडीच वर्षांचं मूल 'एक ते दहा' म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा ते मोजत नसतं, पाठ झालेलं म्हणत असतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास केलेले प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहेत. मुलापुढे खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचं, "मला यातली तीन दे." दहापर्यंत घडाघडा म्हणणारी मुलंही मूठभर उचलून हातावर ठेवतात. आधी 'एक' म्हणजे काय ते कळतं, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. मोजताना शेवटी जो शब्द येतो तीच त्या ढिगाची संख्या, हे उमगायला साडेतीन-चार वर्षांचं वय यावं लागतं.

म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी काढलेल्या मोजणीच्या पुस्तकातून मूल मोजणी फार थोडी उचलतं. मग उचलतं काय? चित्रं. कुठल्या गोष्टी मोजण्यासारख्या आहेत हे. कोण कोण एका पानावर शेजारी शेजारी बसतं हे. सण म्हटला की त्यात काय काय येतं हे. अंक नंतर कळतो. यादी आधी पाठ होते.

सण आणि अंक यांची जोडी काही या पुस्तकांनी जमवलेली नाही. आपल्याकडे ती जुनी आहे. दसऱ्याला पाटीपूजन असतं. पाटीवर एकाचे आकडे एकमेकांना जोडून सरस्वती काढतात. ज्याला अजून दोन लिहिता येत नाही त्यालाही ती जमते, कारण तिच्यात नुसते एकच एक असतात. आणि 'गणपती' व 'गणित' हे शब्द तर एकाच धातूचे. 'गण्' म्हणजे मोजणं, 'गण' म्हणजे समूह. मोजणं आणि एकत्र धरणं भाषेनं पहिल्यापासून शेजारी ठेवलंय. ज्याला कुणी एकत्र धरत नाही, त्याच्यासाठीही मराठीत शब्द आहे. तो कुणाच्या खिजगणतीत नसतो.

या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशातून कळला नाही, दिवाळीच्या फराळातून कळला. ते सांगायचं तर नायगावला जावं लागेल.

मी आणि ताई नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. नायगावात त्या ४२. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. आमच्या मजल्यावर वीस.

आमच्या मजल्यावरची दिवाळी म्हणजे ताटं. आई ताटात लाडू, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा मांडायची, वर विणलेला रुमाल टाकायची, आणि मी नि ताई ती दारोदार पोचवायचो. ताट रिकामं परत येत नसे. त्यात त्यांच्या घरचं काहीतरी यायचं, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. मी मोजायला शिकले ती या ताटांवर. आई स्टोव्हपाशी बसल्या बसल्या विचारायची, "किती झाली गं?" मी बोट ठेवत ठेवत मोजायचे आणि सांगायचे, "सोळा." माझं कधी चुकलं नाही. शाबासकी मिळायची.

मजल्यावर वीस खोल्या. एक आमची. राहिल्या एकोणीस. ताटं सोळा.

ही वजाबाकी मला सातवीत असताना सुचली. तीही दिवाळीत नाही. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी बोळाच्या टोकाच्या घरातून आमच्याकडे खिरीचं पातेलं आलं. आईनं हसून घेतलं, "बसा ना" म्हणाली. त्या काकू गेल्यावर ते पातेलं ओट्याच्या कडेला झाकलेलं राहिलं. कुणी त्याबद्दल वाईट बोललं नाही. कुणी खाल्लंही नाही. संध्याकाळी खीर कुठे गेली ते मी विचारलं नाही. पातेलं मात्र घासूनपुसून, आत साखर घालून, रीतीप्रमाणे परत गेलं.

त्या रात्री मी अंथरुणात पडून मजल्यावरची दारं मोजली. आमची ताटं ज्या तीन दारांशी थांबत नव्हती ती तिन्ही दारं माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही डबा एकत्र खायचो. चौदा एप्रिलला तिच्या घरून लाडू आला की मी तो बोळातच खाऊन टाकायचे आणि ते आईला सांगायचं नसतं हे मला कुणीही न शिकवता माहीत होतं.

माझी मोजणी बरोबर होती. सोळा म्हणजे सोळाच. चूक मोजण्यात नव्हती. काय मोजायचं ते ठरलं होतं, त्यात होती. आणि ते मी मोजायला शिकण्याआधीच ठरून गेलं होतं.

जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेगं यानं १८८४ साली अंकगणिताच्या पायाबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट गणित न आवडणाऱ्यालाही कळेल अशी आहे. समोर सैनिक उभे आहेत. तुम्ही म्हणू शकता, इथे चार कंपन्या आहेत. तुम्ही असंही म्हणू शकता, इथे पाचशे माणसं आहेत. दोन्ही खरं. समोरचं काहीच बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की तुम्ही कशाला 'एक' म्हटलंत. नुसतं 'किती' विचारून भागत नाही. 'किती काय' ते आधी सांगावं लागतं.

फ्रेगंला यातून नीतिशास्त्र काढायचं नव्हतं. पण नायगावात राहिलेल्या माणसाला ते आपोआप निघतं. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. म्हाडा पात्र रहिवाशाला १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर देते. एका खोलीला एक घर. हिशेब स्वच्छ आहे, आणि आमच्यासारख्या किती तरी कुटुंबांचं त्यानं भलं झालंय. पण ज्या खोलीत दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार मुलं आणि आजी राहत होती तीही एकच खोली. जिथे एकटे आजोबा राहत होते तीही एकच. खोल्या मोजल्या तर सगळे समान. माणसं मोजली तर नाहीत. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. कशाला तरी 'एक' म्हटल्याशिवाय मोजता येत नाही. आणि कशालाही 'एक' म्हटलं की काहीतरी नजरेआड होतं. दहीहंडीची बातमी आठ थरांची होते. सगळ्यात खालच्या थरात खांद्यावर सगळा भार घेऊन किती जण उभे होते, ते बातमीत नसतं.

सणांच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं, कारण सण स्वतःला सगळ्यांचा म्हणवतो. 'सार्वजनिक' हा शब्दच घ्या. दादरमध्ये १९२६ साली या शब्दावरूनच भांडण झालं. गणेशोत्सव सार्वजनिक असेल तर अस्पृश्य मानलेल्या माणसांनाही पूजेचा हक्क हवा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रावबहादूर बोले यांनी धरला. वाद पेटला. पुढे तो गणेशोत्सव बंद पडला आणि दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव उभा राहिला. प्रश्न मुळात मोजणीचाच होता. 'सर्व जन' म्हणताना तुम्ही मोजायला कुठून सुरुवात करता आणि कुठे थांबता?

त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, जानेवारी १९७४मध्ये, वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथर आणि शिवसेनेच्या कार्यकर्त्यांमध्ये दंगल उसळली. तिचं लोण नायगावातही आलं. वरळी आणि नायगावच्या या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला. माझी आई तेव्हा शाळेत होती. तिच्या मनातली दारांची यादी कुठे तयार झाली असेल, हे समजून घ्यायला मला याची मदत होते. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. पण आईनं ती यादी स्वतः बसून लिहिली नव्हती, तिलाही ती कुणीतरी पाठ करून दिली होती, एवढं मला दिसतं. तिलाही मोजणी येण्याआधीच.

म्हणून पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा विचार करताना मला आधी वाटलं, उपाय सोपा आहे. दहा पानं, दहा सण. एका पानावर गणपती, एकावर ईद, एकावर नाताळ, एकावर बुद्धपौर्णिमा, एकावर चौदा एप्रिल. सगळ्यांना एकेक पान. असं पुस्तक पूर्वीच्या पुस्तकांपेक्षा नक्कीच बरं. जिच्या घरचा सण कुठल्याच पानावर नाही, त्या मुलीला पुस्तक काहीही न बोलता काय सांगतं ते मला माहीत आहे. तेव्हा पान मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

पण मी मनातल्या मनात ते पुस्तक काढायला बसले तेव्हा अडले. एक नंबर कुणाला द्यायचा? दहावा कोण? आणि त्याहून मोठी अडचण अशी, की आमच्या चाळीत प्रत्येकाला पान होतंच की! आमची दिवाळी होती, त्यांची जयंती होती. दोन्हींना पताका होत्या, दोन्हींना लाउडस्पीकर होते. शेजारी शेजारी, एकापुढे एक, कॅलेंडरावर असतात तशी. ताट तेवढं एका पानावरून दुसऱ्या पानावर जात नव्हतं. प्रत्येकाला स्वतंत्र पान देऊनही माणसं एकमेकांच्या खिजगणतीत नसू शकतात. सण मोजले म्हणजे माणसं मोजली असं होत नाही.

ताईला हे सगळं ऐकवलं तेव्हा ती वैतागली. "अगं, अडीच वर्षांची आहे ती. तिला लाडू बघू दे. तू तिच्या डोक्यात जात, दंगली, आयोग काय घालतेस?"

ताईचा मुद्दा मी गंभीरपणे घेते. लहान मुलाच्या पुस्तकाला निरागस राहण्याचा हक्क आहे. पिवळ्या पानावर दहा लाडू बघून मूल खूश झालं तर त्यात पाप काय? प्रत्येक चित्रातून धडा काढणारी मोठी माणसं कंटाळवाणी असतात, आणि मुलांना ती लगेच ओळखू येतात. तसंच, मुलाला खोटंही सांगू नये. सगळी दारं उघडी, सगळी ताटं सगळीकडे जाताहेत, असं गोड चित्र काढून द्यायचं, आणि मग सातवीत कधीतरी तिनं अंथरुणात दारं मोजत बसायचं, हे मला नको आहे.

पण ताईच्या मुद्द्यात एक गृहीत आहे. तिला वाटतं, यादी मी घालते आहे, आणि तरंगणारं ताट कोरं आहे. तसं नसतं. मला दंगल कुणी सांगितली नव्हती. जात हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. मला फक्त ताटं मोजायला शिकवलं होतं. तेवढंच पुरलं.

मग मोजावं कसं? याचं उत्तर मला कुठल्या तत्त्वज्ञाकडे मिळालं नाही. आईच्याच स्वयंपाकघरात मिळालं, आणि ते तिथे आधीपासून होतं याची मला आजही गंमत वाटते.

आमच्याकडे मोजण्याबद्दल दोन उलट शिकवणी होत्या. पंगत बसायची असली की आई विचारायची, "पानं किती?" माणसं किती असं नाही, पानं किती. पान आधी मांडायचं, माणूस नंतर बसणार. जो अजून जिना चढतोय त्याचंही पान मोजायचं. आणि एकदा वाढायला सुरुवात झाली की नियम बरोबर उलटा. कुणाच्या पोळ्या मोजायच्या नाहीत. "किती खाल्ल्यास?" असं पाहुण्याला तर नाहीच, घरच्यालाही विचारायचं नाही. मी एकदा काकांना मोठ्यानं म्हटलं, "ही सातवी!" तर माझ्या पाठीत धपाटा बसला होता.

वाढण्याआधी मोजावं, वाढल्यावर मोजू नये. एक मोजणी कुणी राहू नये म्हणून आहे. दुसरी, कुणाला किती मिळालं यावर नजर ठेवते. आकडे तेच, क्रियाही तीच, आणि तरी एक प्रेमाची आहे आणि एक हिशेबाची. मराठीत त्यापुढचाही एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसवायचं आणि एकाला तूप, दुसऱ्याला नाही. पानं बरोबर मोजूनही अन्याय करता येतो, हे या भाषेला माहीत होतं. म्हणून तिनं त्याला नाव दिलं.

मला वाटतं, लहान मुलांच्या सणाच्या पुस्तकाकडे बघताना एवढी एकच कसोटी पुरे. यातली मोजणी कुठली आहे? वाढण्याआधीची की नंतरची? दहा लाडू, नऊ फुलबाज्या, आठ भेटवस्तू असं नुसतं मोजायला लावणारं पुस्तक साठा मोजायला शिकवतं. माझ्याकडे किती आहे, हा त्याचा प्रश्न. तेच दहा लाडू दहा वाट्यांपुढे ठेवले, तर प्रश्न बदलतो. कुणाला मिळालं, कुणाला नाही? आणि विशेष म्हणजे हा दुसरा प्रश्न लहान मुलाला अधिक सोपा जातो. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की प्रत्येक वस्तूला एकच शब्द द्यायचा. कुणी सुटायचं नाही, कुणी दोनदा यायचं नाही. पाचवं असं, की मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. संख्या बदलत नाही. पहिला कोण हे मोजणीला महत्त्वाचं नाही. त्यांनी हे मुलांच्या आकलनाबद्दल लिहिलंय. पण कुणी सुटू नये आणि सुरुवात कुठूनही करावी, हे पंगतीला लावून बघा.

आपण मोठे मात्र दिवसभर दुसऱ्याच मोजणीत असतो. स्टोरी किती जणांनी पाहिली, कुणी पाहूनही काही म्हटलं नाही, मागच्या गणपतीच्या फोटोला किती लाइक होते आणि यंदा किती. ही सगळी वाढल्यानंतरची मोजणी आहे, शेजारच्याच्या पोळ्या मोजण्याची. भाची मोबाइलवर अंकांचे व्हिडिओही बघते. ते 'किती?' असं विचारतात आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन पुढे जातात. तिनं 'कुणाचे?' विचारलं तर थांबायला तिथे कुणी नसतं. पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा हाच मोठा गुण. त्यात उत्तर नसलं तरी ते थांबून राहतं.

आमची चाळ आता पाडली. आई तात्पुरत्या मिळालेल्या घरात राहते. मजल्यावरची वीस घरं चारी दिशांना गेली. गेल्या दिवाळीत, ते पुस्तक आणलं त्याच आठवड्यात, आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो. ताटं या वेळी पाचच. आई एकेका घराचं नाव घेत होती आणि मी ताट पुढे सरकवत होते. चौथं नाव तिनं घेतलं ते बोळाच्या टोकाच्या काकूंचं. त्याही याच इमारतीत आल्यात, दोन दारं सोडून. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दूध त्यांनीच आणून दिलं होतं. आईनं ते नाव इतर नावांसारखंच घेतलं, आवाज न बदलता. मीही काही बोलले नाही. मला आनंद झाला आणि रागही आला. चाळीस वर्षं शेजारी राहून जे झालं नाही ते इमारत पडल्यावर का व्हावं? आणि एक ताट गेलं म्हणून मागचं फिटलं का? फिटलं नाही. त्या काकूंनी खिरीचं पातेलं किती वर्षं पाठवलं आणि त्यात परत आलेल्या साखरेचं त्यांनी काय केलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं.

लाडू ठेवण्याचं काम भाचीला दिलं होतं. एका ताटात एक, असं मी तिला दाखवलं. ती प्रत्येक लाडू उचलताना विचारायची, "हा कुणाचा?" मी नाव सांगायचे. ती ते नाव आपल्या बोबड्या बोलीत म्हणायची आणि मग लाडू ठेवायची. पुस्तकातल्या पानावर तिला जे मिळालं नव्हतं ते इथे मिळत होतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता, आठवतो का? एकवीस, बावीसऐवजी 'वीस एक, वीस दोन' असं म्हणावं का, यावरून. मुलांना सोपं जावं हा हेतू चांगला होता, आणि आपली संख्यानामं अवघड आहेत हे खरंच. पण त्यातल्या एका अवघड गोष्टीवर माझा जीव आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. 'एकोण' म्हणजे एकानं उणे. आपण एकोणतीस म्हणतो तेव्हा जे एकोणतीस आहेत त्यांच्यापेक्षा जो एक आलेला नाही, त्याचं नाव आधी घेतो. चाळीच्या मजल्यावर आम्ही सोडून उरलेल्या घरांच्या आकड्याला माझी भाषा 'एकोणीस' म्हणत होती, आणि मी सोळावर थांबत होते.

भाचीनं चार ताटांत चार लाडू ठेवले आणि डब्यातले लाडू संपले. पाचवं ताट तसंच राहिलं. तिला अजून पाच मोजता येत नाहीत. ती 'एक, दोन, तीन, पाच, दहा' म्हणाली आणि रिकाम्या ताटापाशी थांबली.

"मावशी, याला नाही," ती म्हणाली. "हे कुणाचं?"

मी नाव सांगितलं. ती उठली, आत आजीकडे गेली आणि लाडू मागायला लागली. परत आली तेव्हा लाडू हातात होता, पण अर्धाच. उरलेला तोंडात होता.